दार नसलेले घर

आठवड्याचे पाच दिवस मी रत्नागिरीत चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते आणि उरलेले दोन दिवस जलरंगात कोकणातली घरे रंगवते. एका कामाचा दुसऱ्याला उपयोग होतच असणार, असे लोक गृहीत धरतात. मीही धरत होते.

नऊ वर्षांचा एक मुलगा शाळेत बोलेनासा झाला म्हणून आमच्याकडे आला (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). एका कनिष्ठ सहकाऱ्याने त्याची घर-झाड-माणूस चाचणी घेतली होती. जॉन बक यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या या चाचणीत मुलाकडून ही तीन चित्रे काढून घेऊन त्यांवरून त्याच्या मनाचा अंदाज घेतात; घरासाठी कागद आडवा द्यायचा, झाडासाठी आणि माणसासाठी उभा. शिवाय मूल कोणता भाग आधी काढते, कुठे रेंगाळते, काय खोडते हेही टिपायचे आणि शेवटी चित्राविषयी त्याला सविस्तर विचारायचे. सहकाऱ्याने यातले काहीही न करता, घराला दार नाही एवढे पाहून पुस्तकातले वाक्य अहवालात उतरवले होते: ‘इतरांशी संपर्क टाळण्याची प्रवृत्ती.’ बाहेर रांग लागलेली असली की अहवाल असेच होतात.

मी कागद हातात घेतला. बहुतेक जागा छपराने व्यापली होती. आढ्याजवळची कौले बारीक, वळचणीकडे येताना मोठी होत गेलेली, आणि त्याखाली भिंत जेमतेम बोटभर. उंचावरून पाहिल्याखेरीज घर असे दिसत नाही. हीच कौले सगळीकडे एका मापाची काढण्याची चूक मी स्वतः कित्येक वर्षे केली आहे.

“हे घर तू कुठून बघतोयस?”

“वरनं. पाखाडीवरनं.”

“आणि दार?”

“ते पुढल्या अंगाला. हितनं नाय दिसत.”

पाखाडी म्हणजे चढणीची पायऱ्यांची वाट. मी अहवालातले ते वाक्य खोडले आणि दार नसणे हे केवळ पाहण्याच्या जागेमुळे आहे, अशी नोंद केली. त्या संध्याकाळी घरी बसून मी कौलांच्या ओळी काढत होते. खूश होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

तीन आठवड्यांनी त्याची आजी बोलता बोलता म्हणाली, की शाळेतून आल्यावर तो घरात येतच नाही. दप्तर मांडीवर घेऊन दिवेलागणीपर्यंत पाखाडीच्या पायरीवर बसून राहतो आणि चार हाका मारल्याशिवाय खाली उतरत नाही.

एकट्या खुणेवरून निष्कर्ष काढण्याला शास्त्रीय आधार तोकडा आहे, हे मी आजही म्हणेन. परंतु ‘तू तिथे का उभा होतास?’ हा पुढचा प्रश्न मी विचारला नाही, कारण माझ्यातल्या चित्रकाराला हवे ते उत्तर आधीच मिळाले होते. आता तो प्रश्न विचारून झाला आहे आणि उत्तर हळूहळू, तुकड्यातुकड्यांनी येते आहे. अहवालातली नोंद मी दुरुस्त केली. सहकाऱ्याला मात्र अजून काही सांगितलेले नाही.