एमआरकेएच: सुरुवात कधी, ते मी ठरवलं

सोळाव्या वर्षीही पाळी आली नाही, तेव्हा सोनोग्राफी झाली, मग एमआरआय आणि गुणसूत्रांची तपासणी. गुणसूत्रं ४६,एक्सएक्स, म्हणजे मुलींची असतात तशीच. अंडाशय दोन्ही नीट काम करणारी, म्हणून अंगाची वाढ वयाप्रमाणे झालेली. गर्भाशय मात्र घडलंच नव्हतं आणि योनीमार्ग अगदी आखूड होता. याला एमआरकेएच सिंड्रोम म्हणतात. साधारण साडेचार ते पाच हजार मुलींमागे एकीला असतो. यात कधी एक किडनी नसते, म्हणून तेही बघितलं. माझ्या दोन्ही होत्या.

पहिले डॉक्टर आईकडे बघून म्हणाले, "हिचं योनीमार्गाचं ऑपरेशन लवकर उरकून घ्या." मी शेजारीच बसले होते.

आईने दुसरं मत घ्यायचं ठरवलं, आणि माझं पुढचं सगळं त्यामुळे बदललं. त्या डॉक्टरबाई माझ्याशी बोलल्या. निकड काहीच नाही, डायलेटरने, म्हणजे वेगवेगळ्या मापांच्या गुळगुळीत नळीसारख्या साधनाने, योनीमार्ग हळूहळू ताणता येतो, दहातल्या नऊजणींना तेवढं पुरतं, आणि सुरुवात कधी करायची ते तू ठरव, असं त्यांनी सांगितलं. मी काही वर्षं थांबले. मैत्रिणी पाळीबद्दल बोलायला लागल्या की मी उठून जायचे, तो काळ समुपदेशक ताईंच्या मदतीने काढला. तिथेच हाच आजार असलेली एक मुलगी भेटली. तिच्याशी बोलल्यावर पहिल्यांदा मला रात्री शांत झोप लागली.

मग डायलेटर. वंगण लावून, पाठीवर झोपून, रोज थोडा वेळ हलका दाब द्यायचा. दुखण्यापेक्षा कंटाळा जास्त. मन नसेल त्या आठवड्यात नर्स ताई बंद ठेवायला सांगायच्या आणि परत लहान मापापासून सुरू करायच्या. काही महिन्यांनी फरक जाणवला. संबंध नसतील तर पुढेही अधूनमधून वापरावं लागतं, नाहीतर मार्ग पुन्हा आखूड होतो.

तपासणीत प्रत्येक जण योनीमार्गाची लांबी विचारायचा. या आजारात बाहेरचे अवयव, क्लिटोरिस, तिथली संवेदना सगळं जसंच्या तसं असतं, हे मात्र मला फार उशिरा कळलं. ते पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

मुलांचं म्हणाल तर माझी बीजं माझीच आहेत, त्यामुळे सरोगसी वैद्यकीयदृष्ट्या शक्य आहे. २०१४ मध्ये स्वीडनमध्ये प्रत्यारोपित गर्भाशयातून पहिलं बाळ जन्मलं. त्या आईलाही एमआरकेएच होता. जोडीदाराला मी हे सगळं सांगितलंय. मूल हवं की नको, ते आम्ही अजून ठरवलेलं नाही.