पाणी नदीतच असतं तेव्हा

पावसाळा लागला की आमच्या गल्लीतल्या प्रत्येक फोनवर एकसारखा मेसेज फिरायला लागतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी इतके फूट इतके इंच, पाण्याखाली गेलेले बंधारे इतके, राधानगरी धरणाचे उघडलेले दरवाजे इतके. खाली ठरलेली ओळ: इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. बाहेरगावच्या माणसाला ही नुसती सरकारी आकडेवारी वाटेल. आमच्या कोल्हापुरात, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत त्या आकड्यावर जेवण जात नाही, पोरांना विनाकारण धपाटे बसतात, नवरा-बायकोचं बोलणं तुटक होतं.

पुरावर पुष्कळांनी लिहिलंय. मला लिहायचंय ते पूर येण्याआधीच्या रात्रींवर.

आमचा धंदा गणपतीचा. सासरच्या घरात पिढ्यान् पिढ्या हेच काम. मी लग्न होऊन आले तेव्हा मला मातीतलं काही येत नव्हतं. हळूहळू हात बसला, आणि आता घरातली डोळ्यांची आखणी माझ्याकडे आहे. या धंद्याची गोम अशी की वर्षभराचं भांडवल नेमकं जुलै-ऑगस्टमध्ये घरात उघड्यावर मांडलेलं असतं. शाडूच्या मूर्ती वाळत असतात, मंडळांच्या मोठ्या मूर्तींना रंग चालू असतो, ॲडव्हान्स घेऊन खर्च झालेला असतो. आणि नेमकी तेव्हाच नदी चढते. पंचगंगा फुगली की जयंती नाल्याचं पाणी पुढं सरकत नाही, फुगवटा मागं येतो. त्यामुळं आमच्याकडं पाणी समोरून लाट होऊन येत नाही. मोरीतून येतं, गटारीतून येतं, मागच्या दारानं येतं.

२०१९ ला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ते तसंच आलं. गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती, म्हणजे महिनासुद्धा हातात नव्हता. राजाराम बंधाऱ्यावर पातळी ५५ फुटांच्या पुढं गेली, हायवे बंद पडला, कोल्हापूर बेटासारखं तुटलं. तालमीतली पोरं आली, हातोहात मूर्ती बाहेर काढल्या, राजारामपुरीला नात्यातल्या एकांच्या घरी नेऊन ठेवल्या. जे निघालं नाही ते राहिलं. वाळलेला शाडू पाण्यात कसा जातो हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगते. ओली माती बराच वेळ तग धरते. कोरडी माती मात्र घटाघटा पाणी पिते, आतली हवा बुडबुडे होऊन बाहेर पडते, आणि मूर्ती बुडाकडून सुटायला लागते. आधी पाट मोकळा होतो, मग मांडी, मग हात. चेहरा शेवटपर्यंत राहतो. मी ते दारात उभी राहून पाहिलं.

आता जे सांगायचं ते इथं आहे. त्या दिवसांत मला रडू आलं, अंग मोडून गेलं, पैशाचं नुकसान तर डोळ्यांसमोर होतं. पण छातीवर धोंडा ठेवल्यासारखं, ज्याला मी आज दुःख म्हणते, तसं तेव्हा काही नव्हतं. हातात काम होतं. पाणी गुडघ्याला लागलं की पुढची मूर्ती उचलायची, एवढंच डोक्यात. धोंडा नंतर आला. पुढच्या वर्षी, जूनच्या पहिल्या सरीला, गल्ली कोरडी ठक्क असताना.

रात्री पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की जाग यायची. फोन बघायचा. समजा ३१ फूट. इशारा पातळीला अजून आठ फूट. पण डोकं तिथं थांबायचं नाही. ३१ म्हणजे सकाळपर्यंत ३४. राधानगरीचा दरवाजा उघडला असेल. एका दरवाजातून १४२८ क्युसेक, सातही उघडले तर? खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं काय चाललंय कोण जाणे. मूर्ती हलवायला टेम्पो मिळायचा नाही. ज्यांनी ॲडव्हान्स दिलाय ते पैसे परत मागतील. बचत गटाचा हप्ता थकेल. पोराची फी. मग नवऱ्याचं बीपी. मग तो दवाखान्यात. मग मी एकटी. पाच मिनिटांत मी विधवा होऊन, घर विकून, माहेरी परत गेलेली असायची, आणि शेजारी नवरा शांत घोरत असायचा. नदी ३१ फुटांवरच.

आणि अंगाला ते सगळं खरंच वाटायचं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. घशाला कोरड, पोटात गोळा, तळहात ओले. शरीर विचारत नाही की पाणी खरं आलंय की डोक्यात आलंय. ते आपलं दोन्ही वेळा सारखंच घाबरतं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, ५६ फुटांच्याही वर गेला, तेव्हा हिशोब मांडला. नदीनं मला दोन वर्षांत दोनदा बुडवलं. मी स्वतःला दर पावसाळ्यात, जवळजवळ रोज रात्री बुडवत होते.

एकदा अशीच मध्यरात्री स्वयंपाकघरात बसले होते. आत्ती पाणी प्यायला उठल्या. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. त्या १९८९ चा पूर सांगतात, २००५ चाही. मी म्हटलं, "आत्ती, ३६ झालं." त्या म्हणाल्या, "मग?" म्हटलं, "आलं तर?" त्यांनी तांब्या खाली ठेवला. "पाणी अजून नदीतच हाय न्हवं? मग तू का बुडाल्यागत करतीस? आलं की उचलू की. ह्येच्या आधी न्हाई उचललं व्हय?" आणि जाऊन झोपल्या. मला तेव्हा राग आला होता. म्हातारीला हिशोब कळत नाही असं वाटलं. पण वाक्य डोक्यातून जाईना.

माझी भाची मानसशास्त्र शिकते. तिनं मला हार्वर्डमधल्या किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या दोघांचा २०१० मधला अभ्यास सांगितला. त्यांनी २२५० माणसांना फोनवरून दिवसात अधूनमधून, कुठल्याही वेळी विचारलं, आत्ता काय करताय, मन कामात आहे की दुसरीकडं, आणि कसं वाटतंय. जवळजवळ निम्म्या वेळा, ४६.९ टक्के, मन दुसरीकडंच होतं. आणि मन दुसरीकडं असताना माणसं कमी सुखी होती. मला जास्त धक्का पुढच्या गोष्टीचा बसला. मन छान छान गोष्टींत रमलेलं असतानाही माणूस हातातल्या कामात असताना असतो त्यापेक्षा जास्त सुखी नव्हता. म्हणजे नुसते वाईट विचार काढून चांगले घातले की झालं, असं नाही. हे ऐकून मी "पॉझिटिव्ह विचार करा"वाल्यांचे व्हिडिओ बघणं सोडलं. रात्री दोन वाजता "पूर येणार नाही, पूर येणार नाही" असं म्हणत राहणं हीसुद्धा पुराचीच जपमाळ आहे.

मग तिकडं हातकणंगल्याजवळ आळत्याला, रामलिंग रोडवर, धम्मालय म्हणून विपश्यना केंद्र आहे, तिथं गेले. दहा दिवसांचं शिबिर, बोलायचं नाही, फोन जमा. फोन जमा म्हटल्यावर पहिल्यांदा पोटात धस्स झालं, नदीचा आकडा कसा कळणार? काढता पावसाळा होता, तरी. तिथं आधी फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायला सांगतात, मग अंगभर काय काय जाणवतंय ते. पाय दुखतात, फार दुखतात. आणि तिथंच मला पहिल्यांदा दिसलं की गुडघ्याची कळ वेगळी आणि "हा गुडघा आता कायमचा गेला, घरी जिना चढता यायचा नाही" ही कळ वेगळी. पहिली कमी-जास्त होत होती, एका जागी टिकत नव्हती. दुसरी मी बोलत होते म्हणून चालू होती.

बुद्धांचा याच अर्थाचा एक उपदेश आहे, संयुत्त निकाय या पाली ग्रंथातला, सल्ल सुत्त नावाचा. एका माणसाला बाण लागतो आणि लगेच दुसराही लागतो. धम्म न शिकलेला माणूस दोन्ही सोसतो, शरीराचा आणि मनाचा. शिकलेल्याला एकच लागतो. पहिला बाण चुकतो असं बुद्ध कुठंच म्हणत नाहीत. आमच्या गल्लीला तर ते मुळीच पटलं नसतं.

म्हणून एक गोष्ट ठासून सांगते. "सगळं मनावर असतं" असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीत ज्यांचं घर पाण्यात गेलं, गोठ्यात बांधलेलं जनावर गेलं, त्यांना असं सांगायला कुणी जाऊ नये. तिथं भरपाई लागते, निवारा लागतो, नदीपात्रातल्या भरावांचा आणि धरणांच्या विसर्गाचा जाब विचारायला लागतो. शांत होणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. उलट रात्रभर जागून थकलेल्या माणसाकडून अर्जसुद्धा नीट लिहून होत नाही. आणि ज्यांची झोप महिनोन् महिने उडालीय, जीव नकोसा वाटतोय, त्यांनी श्वास बघत बसू नये, डॉक्टरांना गाठावं. सरकारचा टेलिमानस नंबर आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आमच्याच गल्लीतल्या एकीला मी तो लावून दिलाय.

मी स्वतः काय करते? फोन सकाळी आणि संध्याकाळी बघते, मध्ये नाही. गल्लीतली पोरं जागी असतातच, खरंच चढलं तर दार वाजवतात. संध्याकाळचा आकडा बघितला की अर्धा तास बाहेर कट्ट्यावर बसून जी काय काळजी करायची ती करून घेते, वही घेऊन. ही युक्ती माझी नाही, टॉम बोर्कोव्हेक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये काळजीखोर माणसांवर ती करून पाहिली होती. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास काळजी. बाकी वेळी आली तर तिला सांगायचं, तुझी वेळ संध्याकाळची. भाचीनं सांगितलं तेव्हा पोरखेळ वाटला. पण वहीत लिहायला बसलं की रात्री समुद्राएवढं वाटणारं दोन ओळींत संपतं. "टेम्पोवाल्याला आधीच सांगून ठेवणे." "वरचा माळा रुंद करणे." टेम्पोवाल्याला सांगितलं. माळा रुंद केला. "मी एकटी पडले तर" याच्यापुढं मात्र काय करायचं ते लिहिता येत नाही, कारण तिथं करायचं काही नसतंच. ती ओळ तशीच मोकळी राहते, आणि मोकळी दिसली की तिचा जोर उतरतो.

रात्री अजून जाग येते. पत्रा वाजतो, पोटात गोळा येतो. तो गोळा असतो तिथं असू देते, त्याच्यावर गोष्ट चढवत नाही. कधी चढते. मग कळतं, चढली, आणि परत श्वासाकडं. सगळ्या रात्री जमतं असं नाही. पण सकाळी आखणीला बसते तेव्हा हात सांगतो रात्र कशी गेली ते.

आखणी म्हणजे आधी डोळ्याचा पांढरा भाग, तो वाळला की झिरो नंबरच्या ब्रशनं वरची पापणी एका दमात, मग बुबुळ, मग शेवटी त्यात पांढरा ठिपका. वरची रेघ ओढताना मी श्वास सोडत जाते. रेघेच्या मध्यावर मनात "आज किती फूट?" आलं की रेघ तिथं जाड होते. दुसऱ्याला दिसणार नाही, मला दिसते. आधीच्या वर्षांतल्या मूर्तींचे फोटो मोठे करून बघितले तर पावसाचा जोर कुठल्या दिवशी होता ते मी सांगू शकेन. हल्ली ठिपका देताना डोकं रिकामं असतं. त्या वेळात मला काही नको असतं, कशाची भीती नसते. आंतरिक शांती वगैरे शब्द मोठे आहेत, पण मला जे माहीत आहे ते हेच, आणि ते आळत्याच्या शिबिरात नाही, माझ्या रंगाच्या वाट्यांशेजारी मिळालं.

आता पुराचा विचार बराच आवरता येतो, तर दुसरा उभा राहिलाय. पोरगा बारावीला आहे. तो हा धंदा करणार की नाही? हा पुरापेक्षा अवघड आहे, कारण पुराला निदान फूट-इंच तरी असतात, सकाळी बघून घेता येतं. याला बंधारा नाही. परवा रात्री याच विचारानं मी आमचं कारखान्याचं शटर कायमचं ओढून टाकलं होतं, त्याला पुण्यात कुठल्यातरी कंपनीत बसवला होता, आणि आत्तींचे साचे भंगारवाला नेताना बघितला होता. सकाळी उठून सरळ त्यालाच विचारलं. तो चहात खारी बुडवत होता. म्हणाला, "मम्मी, अजून ठरवलं न्हाई. बोर्ड झाल्यावर बोलूया." वहीत तेवढंच लिहिलंय.