मॅचलेसचा दुसरा गिअर आणि दातांची बेरीज

आमच्या वडिलांची मॅचलेस जी३एल, महायुद्धातली मिलिटरीची ३४७ सीसी गाडी, दुसऱ्या गिअरला टाकली की अशी किंचाळायची की सोलापुरात सात रस्ता चौकात लोक वळून बघायचे, आणि थ्रॉटल सोडला की गिअर सुटायचा. आधी कुणीतरी खोलून "बसला की गिअर, अजून काय पाहिजे" म्हणून दिलेली.

शेवटी मीच गिअरबॉक्स खोलला. डबा बर्मन कंपनीचा, सीपी मॉडेल. भंगारात बर्मन म्हणजे सगळे एकच असं धरून गिअर विकतात, पण एरियल मोटारसायकललाही बर्मनच असायचा, मॅचलेसला १९५२ ला बर्मनचाच बी५२ आला आणि पुढं १९५६ नंतर मॅचलेसच्या मालक कंपनीचा, एएमसीचा स्वतःचा डबा, तो नॉर्टनला पण लागला. वरून सारखं दिसणारं आतून सारखं असेलच असं नाही.

मग अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले आमचे टर्नर मामा म्हणाले, "दात मोज की बे आधी." चारही जोड्या मांडल्या, वरच्या शाफ्टचा गिअर आणि त्याचा खालचा जोडीदार, दोघांच्या दातांची बेरीज. दोन शाफ्टमधलं अंतर सगळ्या जोड्यांना एकच, म्हणून दाताचा साइज एक असेल तर बेरीज पण एकच यायला पाहिजे. तीन जोड्यांची सारखी आली, दुसऱ्या गिअरच्या जोडीची एकने कमी! काही डब्यांत कंपनीच मुद्दाम एक दात कमी-जास्त ठेवते, दाताचा आकार त्या हिशोबानं कापून, म्हणून मी लगेच खूश झालो नाही, हातानं हलवून बघितलं. नुसता खडखडाट. १० डीपीचा (डीपी म्हणजे गिअरच्या व्यासाच्या दर इंचाला किती दात, दाताचा साइज सांगायचं माप) दात धरला तर बेरजेत एक दात कमी म्हणजे शाफ्टच्या अंतरात १.२७ मिमी ढिलाई, दात एकमेकांत पुरते खोल बसत नव्हते, आवाज येणारच.

गिअर सुटण्याचं कारण वेगळंच, डॉगचे, म्हणजे गिअरच्या बाजूला असलेल्या, शेजारच्या गिअरमध्ये अडकणाऱ्या खुंट्यांचे कोपरे गोल झालेले. ते ग्राइंडरनं चौकोनी करून देतो म्हणणारे भेटतात, कृपा करून देऊ नका, वरचं कडक कातडं निघून जातं आणि महिन्यात परत तेच.

आता जोडीच शोधतोय, एकटा गिअर घेणार नाही. सापडलेल्या प्रत्येक गिअरला तारेनं चिठ्ठी बांधतो, दात किती, बाहेरचा व्यास व्हर्नियरवर किती, कुठल्या डब्यातून निघाला. तो चुकीचा गिअर पण ठेवलाय, कुणाच्या तरी एरियलचा असेल.