डी-८ ते एच-३ : माझा हँडसायकलिंगचा अनुभव

उसाच्या ट्रॉलीवरून पडलो आणि पाठीचा डी-८ मणका, म्हणजे छातीमागचा आठवा, मोडला. तोवर गावाच्या कबड्डी संघात चढाईला मीच जायचो. छातीखालचं सगळं गेलं, खेळायची खुमखुमी तेवढी राहिली. इस्लामपूरजवळच्या पेठचे मुरलीकांत पेटकर युद्धात गोळ्या लागूनही १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्ण घेऊन आले, हे आमच्या भागात पोरासोरांनाही ठाऊक आहे. मला मात्र पाणी नको, रस्ता हवा होता, म्हणून हँडसायकल, म्हणजे हातांनी फिरवायची सायकल.

पहिली हँडसायकल मिरजेतल्या वेल्डिंगवाल्या दादांनी बनवली. त्यांनी क्रँक, म्हणजे हाताने फिरवायचे दांडे, साध्या सायकलच्या पेडलसारखे बसवले, एक वर, एक खाली. हात फिरवला की पुढचं चाक डावी-उजवीकडे झोके खायचं. हँडसायकलला ज्या चाकावर जोर लावायचा तेच वळवायचंही असतं, म्हणून दोन्ही हात एकदमच फिरायला हवेत. दादांनी एक क्रँक उलटवून दोन्ही एकाच दिशेला केले आणि सायकल सरळ धावली.

दंडांपेक्षा जास्त जपावी लागते ती कातडी. खाली काही कळत नाही, त्यामुळे बसून बसून जखम झाली तरी पत्ता लागत नाही. रोज रात्री आई माकडहाडाजवळ बघते. लाल दिसलं की बोटाने दाबते. दाबल्यावर पांढरं पडून पुन्हा लाल झालं तर ठीक. लालच राहिलं तर ती सरळ सांगते, "उद्या सायकल नाही रे बाळा." आणि नाही म्हणजे नाही. छातीखाली घामही नीट येत नाही, म्हणून उन्हाळ्यात हरिपूर रस्त्यावर उजाडायच्या आत सराव उरकतो. अंगावर पाण्याचा फवारा मारत राहतो. मागे उंच काठीला झेंडा असतो, कारण ट्रॅक्टरवाल्याला इतक्या खालचा माणूस दिसत नाही.

स्पर्धेआधी वर्गीकरण झालं, म्हणजे शरीराच्या मर्यादेप्रमाणे कोण कोणत्या गटात ते ठरलं. पलंगावर झोपवून पोटाचे, कमरेचे, पायांचे स्नायू एकेक करून तपासले, मग सायकलवर बसवून पाहिलं. वर्ग एच-१ ते एच-५. आकडा लहान तेवढी शरीराची मर्यादा जास्त. मला एच-३ मिळाला. एच-५ चे खेळाडू गुडघ्यांवर बसून अख्खं धड पुढे झोकतात, आम्ही पाठीवर रेललेले, जोर फक्त खांद्या-हातांचा. हा फरक मोजला जातो, याचं मला फार समाधान वाटलं.

टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे एकेकट्याने घड्याळाशी लावायच्या शर्यतीत, पदक आलं नाही. चढावर वेळ गेला. वजन मागे पडतं, पुढचं चाक जागीच फिरतं. सध्या दंडोबाच्या चढावर सराव चालू आहे आणि सीट किती पुढे घ्यायची, ते दादांबरोबर ठरवतोय.