भांडुरा नाल्यापलीकडची पोहोच

2025च्या नोव्हेंबरात आम्ही तिघी कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात, रानात वर वसलेल्या गवाळी गावाला जाऊन आलो. ओळखीतल्या एका आशाताईंनी सांगितलं होतं की वरच्या चार-पाच म्हाताऱ्या माणसांचे रेशनचे आणि पेन्शनचे कागद अडलेत, खाली यायला त्यांचे पाय चालत नाहीत. म्हटलं, मग कागदच वर नेऊ. कुणी असंच काम घेऊन जाणार असेल तर त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

बेळगावहून खानापूर सव्वीसेक किलोमीटर, बसची ददात नाही. खानापुरातून नेरसा गावापर्यंत वाहन मिळतं. पुढं भीमगड अभयारण्याचं रान लागतं, तिथून पायीच. वनखात्याची परवानगी आदल्या दिवशी खानापुरात काढून ठेवा. आधार कार्डाची झेरॉक्स आणि जाण्याचं कारण लिहिलेला अर्ज पुरे होतो. जून ते सप्टेंबर जायचा विचारही नको. नोव्हेंबरात वाटेतल्या भांडुरा नाल्याला गुडघ्याखाली पाणी होतं आणि वरून वाशांचा साकव होता. हा साकव गावानंच घातलेला. पुरात जातो, पाऊस ओसरला की माणसं पुन्हा घालतात. त्यावर एका वेळी एकानंच चढावं. रान अस्वलांचं आणि गव्यांचं आहे, तेव्हा उजाडल्यावर निघा, मोठ्यानं बोलत चला आणि परतीला चारच्या आत गाव सोडा.

गवाळीत पहिल्याच घरी आजी ओसरीवर सुपात नाचणी पाखडत बसल्या होत्या. "या की, पाणी घेतासा?" म्हणून आत जाऊन तांब्या घेऊन आल्या. कागदाचं नाव काढलं तसा त्यांनी उजवा हात पुढं केला. "अंगठा उठत न्हाई वो बाई माझा. तीन येळा खाली गेले. सगळा जन्म खुरपं धरलं न्हवं." मी तो हात हातात घेतला. अंगठ्याची कातडी तासलेल्या लाकडासारखी गुळगुळीत, मध्ये एक जुनी आडवी चीर. रेषा म्हणून काही उरलीच नव्हती. हा अंगठा मशीनवर दाबायला त्या दर खेपेला चार तासांची पायपीट करून आल्या होत्या. एकदा रेंज नाही म्हणून परत, दोनदा अंगठा जुळत नाही म्हणून परत. तांदूळ समोर पोत्यात दिसत होता, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

केंद्र सरकारच्या अन्न खात्यानं 2017च्या ऑक्टोबरातच राज्यांना कळवलंय की अंगठा जुळत नाही एवढ्यावर धान्य नाकारायचं नाही, वहीत नोंद करून द्यायचं. पण ते तोंडी सांगून कुणी ऐकत नाही. लेखी अर्ज द्या. अर्ज कन्नडमध्ये असला की टेबलावरून लवकर हलतो, म्हणून कन्नड लिहिता येणारं एक माणूस सोबत असू द्या. ज्या तालुक्यात अल्पसंख्याक भाषेचे लोक 15 टक्क्यांच्या वर आहेत तिथं त्या भाषेत कागद मिळायला हवेत. हे तत्त्व जुनं आहे, मराठी बोलणाऱ्यांमुळं खानापूर त्यात सहज बसतं आणि त्यासाठी भांडलंही पाहिजे. फक्त त्या भांडणापायी आजींचा तांदूळ अडू नये, एवढंच मला वाटतं.

तिथं बसल्या बसल्या एक गोष्ट मला फार लागली. आपल्याकडं सगळ्या सोयी डोकी मोजून ठरतात. आरोग्य उपकेंद्र सपाटीवर 5000 लोकांमागं एक, डोंगरात 3000 मागं एक. ग्रामपंचायतीत 400 लोकांमागं एक सदस्य. वीस-पंचवीस उंबऱ्यांच्या वाडीचा आकडा यात कुठंच पुरा पडत नाही. डोंगराला जी सूट दिली ती माणसांच्या संख्येत दिली. वाटेला किती तास लागतात हे कोणत्याच नियमात मोजलेलं नाही. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत 2023च्या जूनपासून बायकांना सरकारी बस फुकट आहे, पण जिथं बसच येत नाही तिथल्या बाईनं ते शून्याचं तिकीट कुठं काढावं? तालुका आणि जिल्हा पंचायतीची मुदत 2021मध्ये संपली, आम्ही गेलो तोवर निवडणूक झालेली नव्हती. म्हणजे पंचायत सदस्याच्या वर थेट आमदारच.

रस्त्याचा विषय काढला की उत्तर येतं, अभयारण्य आहे, काही करता येत नाही. ते पूर्ण खरं नाही. 2006च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3(2)मध्ये शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रस्ता अशा कामांना वनजमीन देता येते. अट अशी की प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन लागावी, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं जाऊ नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी. ही शिफारस गावाच्याच हातात आहे. त्या कलमाची मराठी प्रत छापून न्या आणि चावडीत वाचून दाखवा. आम्ही वाचली तेव्हा मागं भिंतीला टेकून उभा असलेला एक तरुण पुढं येऊन म्हणाला, "हे आम्हाला कुणी सांगितलंच न्हाई." शेजारच्या तळेवाडीच्या 27 कुटुंबांनी प्रत्येकी 15 लाखांचा मोबदला घेऊन जंगलाबाहेर यायला होकार दिला. जायचं की राहायचं हे ज्यांचं त्यांनीच ठरवावं. पण राहिलं तर हक्कानं काय मागता येतं, हे आधी कळायला हवं.

सोबत शाईचं पॅड, पासपोर्ट फोटो काढायला पांढरी चादर, कोरे कागद आणि चार्ज केलेला पॉवर बँक ठेवा. रेंज गावात नाही, वरच्या टेकाडावर एका दगडाजवळ मिळते, तो दगड पोरं दाखवतात. जेवणाची काळजी नको, पण तांदूळ-डाळ आपली न्या. ताटात वाढतात ते त्यांच्या आठवड्याच्या शिध्यातलं असतं.

एकूण सात अर्ज खाली आणले. खानापुरात दिले आणि प्रत्येकाची शिक्का मारलेली पोहोच मागून घेतली. तीही मागितल्याशिवाय मिळत नाही. त्या सातही पोहोच माझ्याकडं प्लॅस्टिकच्या पिशवीत आहेत. आजींनी निघताना विचारलं होतं, "कागद दिला म्हणून काय हातात मिळतंय का?" पावसाच्या आत या पोहोचपावत्या वर पोचल्या पाहिजेत. मला जानेवारीपर्यंत सुट्टी नाही, त्याआधी कुणी जाणार असेल तर बेळगावात माझ्याकडून घेऊन जा.