तटस्थ कोणी राहायचं, सरकारनं की शाळेतल्या मुलीनं?

एप्रिल २०२२, रमजानचे दिवस, जर्मनीत बुंडेसलीगाची, म्हणजे तिथल्या फुटबॉल लीगची, ऑग्सबर्ग विरुद्ध माइंझ मॅच चालू होती आणि सूर्य मावळल्यावर रेफ्रीनं खेळ थांबवला, का तर माइंझच्या मूसा नियाखातेचा रोजा होता. तो पटकन पाणी प्यायला, रेफ्रीचे आभार मानले, खेळ पुढं सुरू. कोणाचंही काही बिघडलं नाही. नियाखाते जन्मानं फ्रेंच, आणि त्याच फ्रान्समध्ये पुढच्या वर्षी फुटबॉल फेडरेशननं रेफ्रींना कळवलं की रोजा सोडायला मॅच थांबवायची नाही, खेळात तटस्थता हवी.

मला हे खरंच पटत नाही. फ्रान्सचा धर्म आणि सरकार वेगळं करणारा १९०५ चा कायदा काढून बघा, पहिल्याच कलमात श्रद्धेच्या आणि उपासनेच्या स्वातंत्र्याची हमी आहे, दुसऱ्यात म्हटलंय की सरकार कुठल्याही धर्माला मान्यता देणार नाही, पगार देणार नाही. म्हणजे बंधन कोणावर आहे? सरकारवर! (आणि तेही सगळीकडे नाही, अल्सास-मोझेल भाग १९०५ मध्ये जर्मनीकडे होता म्हणून तिथं पाद्री आणि ज्यूंच्या रब्बींना आजही सरकारी पगार मिळतो, इमामांना मात्र नाही.) हे ओझं नागरिकाच्या अंगावर आलं ते नंतर. २००४ च्या कायद्यानं सरकारी शाळांमधल्या मुलांना ठळक धार्मिक चिन्हं घालायला बंदी झाली, त्यात हिजाब आला, ज्यूंची छोटी टोपी किप्पा आली, शिखांची पगडीसुद्धा आली.

मग २०२३ मध्ये सरकारी शाळांत अबायावरही बंदी आली. आता अबाया म्हणजे काय, तर अंगभर सैलसर झगा. तसाच लांब ड्रेस दुसरी कोणी मुलगी घालून आली तर ती फॅशन आणि मुस्लिम मुलीनं घातला तर धर्म, मग शाळेच्या गेटवर उभ्या माणसानं ठरवायचं कशावरून, कपडा बघून की नाव आणि चेहरा बघून? शाळा उघडल्या त्या दिवशी २९८ मुली अबाया घालून आल्या, त्यातल्या ६७ जणींनी तो काढायला नकार दिला आणि त्यांना घरी पाठवलं. शिक्षण मिळावं म्हणून असलेल्या शाळेनं!

काही मुलींवर घरून, मोहल्ल्यातून डोकं झाकायचा दबाव असतो हे मी नाकारत नाहीये, २००४ च्या कायद्याआधी सरकारनं याच प्रश्नावर नेमलेल्या स्तासी कमिशनसमोर असं सांगणारे लोक आलेच होते आणि ते खोटं बोलत होते असं मला अजिबात वाटत नाही. पण मग दबाव टाकणाऱ्याला धरा ना, वर्गातून मुलीलाच का काढायचं? आणि तीच मुलगी बारावीनंतर त्याच कपड्यात सरकारी विद्यापीठात जाऊन बसू शकते, तिथं २००४ चा कायदा लागूच नाही, आणि त्यानं फ्रान्सच्या विद्यापीठांचं सेक्युलरपण कुठं कमी झालेलं मला तरी दिसत नाही.