तुम्ही विचारलंत म्हणून: दह्यात काय एवढं शिकायचं?

लग्नात, बाराव्याला, एसटीच्या थांब्यावर, सगळीकडे तेच: "दह्यात काय एवढं शिकायचं असतं? आणि तेही कोकणात?" मान्य. आपल्याकडे दूध घाटावरून येतं आणि जेवताना वाटी पुढे होते ती सोलकढीसाठी. पण मी दही शिकलेच नाही. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, जंतू खातो कसा, ते शिकले. हे सांगेपर्यंत विचारणारा पंगतीला जाऊन बसलेला असतो.

तर एकदाचं सांगते. लॅक्टोकॉकस लॅक्टिस या जंतूच्या दूधदुभत्यातल्या वाणांत लॅक्टोज आत ओढून फोडणारी जनुकं बहुतेकदा मुख्य गुणसूत्रावर नसतात. ती असतात प्लाझ्मिडवर, डीएनएच्या एका सुट्या कड्यावर. कडं गळलं तरी पेशी जगते, दुधात मात्र तिचं काही चालत नाही. मिनेसोटा विद्यापीठातल्या लॅरी मॅके यांनी 1970च्या दशकात हे उलगडत नेलं. पुढे 1983 साली सगळी प्लाझ्मिडं काढून टाकलेला एमजी 1363 हा वाण आला. जगभर त्याच्यावर प्रबंध झाले, आणि त्याला वाटीभर दूध धड विरजता येत नाही! (मला हे अजूनही भारी वाटतं. तुम्हाला नसेल वाटत तर राहू दे.)

एका गणपतीत मुंबईचे काका पडवीत सगळ्यांदेखत म्हणाले, "काय गो, बापाने तुझ्यापायी हापूसची कलमं करारावर दिली नि तू दही लावायला शिकलीस?" सगळे हसले. बाबाही हसले, थोडंसंच. काकांचं मला काही वाटलं नाही. बाबांचं लागलं.

रात्री आरत्या झाल्यावर बाबा मागल्या दारी आले. "आता मला नीट सांग." मी मोबाइलवर जंतू वाढवलेल्या प्लेटचा फोटो काढून दिला. जांभळं आगर (जंतू वाढवायची जेली), लॅक्टोज खाणाऱ्या जंतूंच्या ठिपक्यांभोवती आम्लाने उठलेली पिवळी वलयं, मध्येच काही ठिपके नुसतेच पांढरे. "हे आधी ग्लुकोजवर वाढवलेले. आयतं मिळाल्यावर काहींचं कडं गळलं."

बाबांनी चष्मा वर सरकवून फोटो मोठा केला. "रायवळच्या खुंटावर हापूसची काडी बांधतो, तसं वरून बांधलेलं?"

"जवळपास. पण काडी आपण बांधतो. हे कडं कधीकधी शेजारच्या पेशीत आपणहून जातं."

"आणि दुधातच ठेवले असतेस तर?"

"तरी काहींचं गळतंच. पण दुधातलं प्रथिन तोडणारं जनुकही बऱ्याचदा त्याच कड्यावर असतं. कडं गेलं की साखर गेली, प्रथिनही गेलं. असे मागे पडतात, बाकीचे वाढतात."

"म्हणजे दूधच त्यांची राखण करतं."

माझ्या तोंडी परीक्षेत इतकं सरळ कोणी बोललं नव्हतं. मी खूश. आणि मग त्यांनी विचारलं, "यावर नोकरी मिळेल?"

मी लगेच सुरू झाले: ही जनुकं गुणसूत्रावर पक्की बसवता येतात, मग विरजण भरवशाचं राहतं, डेअऱ्यांना हवंच असतं. यात खोटं काही नव्हतं. पण त्यासाठी मी शिकले नव्हते. पांढरे ठिपके पांढरे का, एवढंच मला हवं होतं. प्लेटवर वाकलेल्या त्या मुलीने मला असा उपयोग मांडताना ऐकलं असतं तर तोंड फिरवलं असतं. मी तिला म्हणते, बाई गं, कलमं तुझी नव्हती. ती म्हणते, तुझीही नव्हती. आमचं अजून मिटलेलं नाही.

नोकरी मिळाली ती अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायची. हो, बरी आहे. नाही, पश्चात्ताप नाही. रोज विचारलंत तर रोज हेच उत्तर येईल असंही नाही.

कलमं यंदा पुन्हा करारावर गेली, धाकट्याच्या इंजिनीअरिंगसाठी. त्याला कोणी काही विचारत नाही.